क्लासरूम ट्रेनिंग सोडून दुसरं काय? (मामा रिटायर होतायत)

स्पॅनर१३

मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, वेळ असेल तर वाचा. मी चाकणला एका ऑटो पार्टवाल्या कंपनीत मेंटेनन्सला आहे (नाव विचारू नका). प्रेस शॉप आहे आमचं, बहुतेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) प्रेस. वरून फर्मान आलंय की क्लासरूम ट्रेनिंग कमी करा आणि "काहीतरी मॉडर्न" आणा, आणि ते माझ्या गळ्यात पडलंय कारण मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं.

क्लासरूम म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीच असेल. नाइट शिफ्ट करून आलेली पोरं एसी रूममध्ये बसवायची, लाइट घालवून स्लाइड लावायच्या, मागच्या दोन रांगा घोरतात, मग समोसा, हजेरीवर सही, फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे "एक्सलंट" आणि घरी.

खरी अडचण वेगळी आहे. आमचे एक सीनियर फिटर आहेत, सगळे मामा म्हणतात, दिवाळीनंतर रिटायर होतायत. प्रेसच्या बाजूने नुसते चालत गेले तरी सांगतात पंप हवा ओढतोय म्हणून. बरं एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) पण लिहिलंय की "सक्शन लाइन तपासा". पण मामा काय करतात, पंप चालू असतानाच सक्शनच्या, म्हणजे तेल ओढणाऱ्या पाइपच्या, एकेका जॉइंटवर बोटाने ग्रीस फासत जातात, आणि ज्या जॉइंटला ग्रीस लावल्यावर पंपाची घरघर एकदम बसते तिथून हवा शिरतेय. झालं काम. ना लाइन उघडायची ना तेल सांडायचं. हे कुठल्याच स्लाइडवर नाही. नव्या पोरांना विचारलं तर ती थेट पंप बदलायला निघतात.

तर लिस्टवर सध्या आहे : ऑनलाइन कोर्सवालं सॉफ्टवेअर, व्हिडिओ, मशीनवर क्यूआर कोड, व्हॉट्सॲप ग्रुप, आणि एका व्हेंडरने चॅटबॉट दाखवलाय. तुमच्याकडे यातलं काय खरंच चाललं आणि काय नुसतं उद्घाटनापुरतं राहिलं?

सर्व्हर_डाऊन

आयटीतला अनुभव सांगतो, तुमच्याकडे किती लागू पडेल माहीत नाही. आमच्याकडे सगळ्याला उत्तर एकच, विकी बनवा, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट. कल्पना चांगलीच आहे, वॉर्ड कनिंगहॅमने पहिला विकी १९९५ला काढला तोच मुळी प्रोग्रॅमर लोकांनी एकमेकांना आपापल्या युक्त्या सांगाव्यात म्हणून. पण कंपनीतला विकी पहिले सहा महिने तरुण असतो, मग त्याचं स्मशान होतं. पान आहे, पण ते ज्या सर्व्हरबद्दल आहे तो सर्व्हर कधीच बंद झालाय. आणि सर्चमध्ये तेच पहिलं येतं.

जे चाललं ते दोन प्रकार. एक, जोडीने काम, म्हणजे एका स्क्रीनपुढे दोघं, नवा माणूस कीबोर्डवर आणि जुना शेजारी. उलटं केलं की फुकट, जुना टकाटक टाइप करत जातो आणि नवा माना डोलावतो. दुसरं म्हणजे काही बंद पडलं की नंतर जी मीटिंग होते ती. नियम एकच, कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही, काय काय दिसलं आणि त्या वेळी तुला काय वाटलं एवढंच विचारायचं. नवीन पोरं जेवढं त्यातून शिकतात तेवढं कुठल्याच कोर्समधून नाही, कारण सगळ्यांचा बीपी त्या रात्री खरोखर वाढलेला असतो.

काउंटर_४

बँकेत फार प्रगत पद्धत आहे. बदली झालेला माणूस नव्या माणसाला कपाटाच्या किल्ल्या देतो आणि म्हणतो "काही लागलं तर फोन करा". मग फोन उचलत नाही. 😄

रिटायर्ड_फोरमन

स्पॅनरराव, तुम्ही ज्याला मॉडर्न म्हणताय ते आम्ही भोसरीत वापरून जुनं केलं. वन पॉइंट लेसन ऐकलंय का? टीपीएममधलं (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) आहे, जपान्यांकडून आलेलं. ए-फोरचा एकच कागद, त्यावर एकच मुद्दा, शक्यतो हाताने काढलेलं चित्र नाहीतर दोन फोटो, बरोबर आणि चूक. कागद ज्याला ती गोष्ट येते त्यानेच करायचा, इंजिनिअरने नाही. आणि मशीनपाशी उभं राहून पाच-दहा मिनिटांत सांगायचं, खाली ज्याला सांगितलं त्याची सही आणि तारीख. तुमच्या मामांची ग्रीसची युक्ती म्हणजे एक कागद. तेलावर फेस आला तर काय आणि तेल दुधासारखं पांढरं झालं तर काय (पहिल्यात हवा, दुसऱ्यात पाणी), तो दुसरा कागद. असे चाळीस कागद काढा मामांकडून, मग बोला.

आणि शिकवायचं कसं याची पण पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कामगार सैन्यात गेले, कारखान्यात सगळी नवी माणसं आली, तेव्हा तिकडच्या सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून कार्यक्रम काढला, १९४० ते १९४५. त्यातलं जॉब इन्स्ट्रक्शन चार पायऱ्यांचं : माणसाला तयार कर, करून दाखव आणि सांग, त्याला करायला लाव, मग त्याला सोड पण अधूनमधून येऊन बघ. युद्धानंतर अमेरिकेत लोक ते विसरले आणि जपानमध्ये टोयोटाने उचललं, अजून सोडलेलं नाही. त्यांचं एक वाक्य आमच्या भिंतीवर होतं, की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आमचे साहेब त्या भिंतीकडे बघायचे टाळायचे.

आपल्याकडे गाडी तिसऱ्या पायरीवर अडते. करून दाखवतो आणि "समजलं ना?" विचारतो. कोण म्हणणार नाही समजलं म्हणून!

एचारवाली

सगळे एचआरला शिव्या घालायच्या आत लिहिते. आम्हाला क्लासरूमची हौस नाही हो, आम्हाला ऑडिटला दाखवायला रेकॉर्ड लागतं, आणि हजेरीचा कागद हे सगळ्यात सोपं रेकॉर्ड. पण गंमत अशी की स्टँडर्डमध्ये वर्गच घ्या असं कुठेच नाही. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डच्या २०१५च्या आवृत्तीत ७.१.६ म्हणून कलम आलंय, त्यात संस्थेचं ज्ञान जपा, लोकांपर्यंत पोचवा असं आहे. आणि ऑटोवाल्यांच्या आयएटीएफ १६९४९मध्ये ७.२.२ तर ऑन द जॉब ट्रेनिंगवरच आहे. त्यामुळे फोरमनकाका म्हणतात तो सहीचा कागद ऑडिटर बिनबोभाट मानतो, शिवाय स्किल मॅट्रिक्सला (कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता) थेट जोडता येतो.

बाकी ७०-२०-१० हे सूत्र माहिती असेलच, ७० टक्के माणूस कामातून शिकतो, २० टक्के इतरांकडून आणि १० टक्के वर्गातून. त्यामुळे वर्ग कमी करणं बरोबरच आहे.

चष्मिष्ट

एचारवाली, कलमांबद्दल धन्यवाद, पण ते ७०-२०-१० जरा जपून. १९८०च्या दशकात अमेरिकेत सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या लोकांनी यशस्वी एक्झिक्युटिव्हना विचारलं की तुम्ही महत्त्वाचं काय ते कुठे शिकलात, त्यावरून निघालेली ती गोळाबेरीज आहे. म्हणजे मोठ्या साहेबांची आठवण. त्यावरून प्रेस ऑपरेटर कसा शिकतो ते कळत नाही.

आणि त्याहून वाईट तो त्रिकोण, "वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, केलेलं ९०". प्रत्येक ट्रेनरच्या स्लाइडवर असतो. खाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव. डेलने १९४६ला शंकू काढला हे खरं, पण त्यात एकही आकडा नव्हता, आकडे नंतर कुणीतरी चिकटवले.

खात्रीचं हवं असेल तर हे घ्या. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ला स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं. आणि २००६ला रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर बघितलं, की उतारा परत वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहून काढणाऱ्यांच्या लक्षात आठवड्याने जास्त राहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर मात्र परत वाचणारेच पुढे! म्हणून ट्रेनिंगच्या शेवटी लगेच परीक्षा घेतली की सगळे पास होतात आणि पुढच्या सोमवारी कोरे.

थोडक्यात स्पॅनर१३, व्हिडिओ की कागद यावर भांडण्यापेक्षा आठवड्याने जाऊन पोराला मशीनपाशी विचारा, "घरघर येतेय, काय करशील?"

खडूफळा

आम्ही जिल्हा परिषदेचे मास्तर, या विषयातले पीडित. आधी तालुक्याला प्रशिक्षण असायचं. वरच्या तज्ज्ञाने खालच्या तज्ज्ञाला, त्याने आणखी खालच्याला, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातलं चहाचं बिल तेवढं शिल्लक. मग सगळं मोबाइलवर आलं. व्हिडिओ लावायचा, फोन खिडकीत ठेवायचा, आपण भाजी निवडायची, मग प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर येतातच, सर्टिफिकेट डाउनलोड. म्हणजे झोप वर्गातून घरी शिफ्ट झाली, बाकी काही नाही.

आवडलेली गोष्ट एकच, केंद्राची शिक्षण परिषद. आसपासच्या शाळांचे मास्तर-बाई एका शाळेत जमतो. त्यातही भाषणं असतातच, पण आमच्या केंद्रात एका बाईंनी स्वतःच्या दुसरीच्या वर्गावर आमच्यासमोर तास घेतला, हातच्याची वजाबाकी, काड्यांचे गठ्ठे सोडून. एका पोराने गठ्ठा न सोडताच आतली काडी ओढायला सुरुवात केली, बाई थांबल्या, त्याला ओढू दिली, आणि बाकी वर्गाला विचारलं आता या गठ्ठ्यात किती राहिल्या? अख्खा तास तिथे वळला. आम्ही सगळे मागे बसून बघत होतो. हे कुठल्याही व्हिडिओत आलं नसतं कारण व्हिडिओत पोरं शहाणी असतात.

स्पॅनर१३

सगळ्यांना धन्यवाद, भारी प्रतिसाद. काही खुलासे.

व्हिडिओबद्दल मोठी अडचण म्हणजे शॉप फ्लोअरवर फोनच अलाउड नाही. गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लागतो. म्हणजे क्यूआर कोड चिकटवला तर स्कॅन कशाने करायचा? व्हेंडरच्या प्रेझेंटेशनमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. फार तर सुपरवायझरच्या टेबलावर एक टॅब ठेवता येईल.

दुसरं भाषेचं. निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, कंत्राटी नाहीतर ॲप्रेंटिस, वर्षभरात जातात. मामा बोलतात अस्सल जुन्नरी. त्यामुळे मी विचार करतोय की व्हिडिओ केलाच तर बोलणं नकोच, फक्त हात आणि मशीनचा खरा आवाज. घरघर असताना आणि ग्रीस लावल्यावर. आवाज तर सगळ्यांना सारखाच ऐकू येतो.

@फोरमनकाका, कागदाची आयडिया पक्की. पण मामांना लिहायला बसवणं म्हणजे... बघतो.

वॉर्ड_नं_७

मेडिकलमधलं एक उदाहरण देते, कारण मला वाटतं तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा ते बरं आहे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा म्हणून लिव्हरचे डॉक्टर, त्यांच्याकडे हिपॅटायटिस सीच्या पेशंटला अनेक महिन्यांची वेटिंग लिस्ट आणि पेशंट शेकडो मैलांवरून यायचे. त्यांनी २००३ला प्रोजेक्ट इको सुरू केला. गावोगावचे साधे डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर येणार, प्रत्येकाने आपली खरी केस मांडायची (पेशंटचं नाव न घेता), तज्ज्ञ आणि बाकीचे त्यावर बोलणार. लेक्चर अगदी छोटं, वेळ सगळा केसवर. २०११ला त्यांचा पेपर आला, मोठ्या हॉस्पिटलात आणि या गावच्या दवाखान्यांत बरे होण्याचं प्रमाण सारखंच, दोन्हीकडे साधारण ५८ टक्के. आपल्याकडे बंगळुरूचं निमहान्स याच पद्धतीने मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग देतं.

यात मला आवडतं ते हे की केस शिकणारा आणतो. तज्ज्ञाला काय सांगावंसं वाटतंय याला तिथे फार किंमत नाही. तुमचे दोन-तीन प्लँट असतील तर आठवड्यातून एकदा अर्धा तास "या आठवड्यात काय अडलं" एवढंच करून बघा.

व्हॉट्सॲप ग्रुपचं म्हणाल तर आमच्या स्टाफच्या ग्रुपवर कामाचा एक मेसेज आणि वर-खाली सुप्रभातची गुलाबं. नंतर शोधायचं म्हटलं की अशक्य.

द्राक्षवाला

नोकरीतला नाही मी, पण राहवलं नाही. आमच्याकडे तासगाव भागात चर्चासत्र असतं हॉलमध्ये, फेटे, सत्कार, आभार आणि जेवण. आणि शिवारफेरी असते. शिवारफेरीत कुणाच्या तरी बागेत शिरायचं आणि पान उलटं करून डाऊनी (बुरशीचा रोग) बघायचा, घड हातात धरून विरळणी किती ठेवली, का ठेवली ते विचारायचं. बागवाला खोटं बोलू शकत नाही, बाग समोर उभी असते. ऑक्टोबर छाटणीनंतर ग्रुपवर फोटो पण येतात शेकड्याने, उपयोग होतो, नाही असं नाही, पण फोटोतली बाग नेहमी चांगलीच असते, बिघडलेल्या कोपऱ्याचा फोटो कोण टाकतो.

सर्व्हर_डाऊन

@द्राक्षवाला, शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसात लावायला पाहिजे.

चॅटबॉटचं राहिलं होतं. कंपनीची सगळी कागदपत्रं भरायची आणि बॉट उत्तर देतो, डेमोत एकदम झकास. पण तो उत्तर देणार कशातून? स्पॅनररावांच्या एसओपीत "सक्शन लाइन तपासा" आहे तर तो अतिशय नम्रपणे, मुद्देसूद, तीन भाषांत सांगेल की सक्शन लाइन तपासा. ग्रीस येणार नाही कारण ग्रीस मामांच्या डोक्यात आहे. आधी ते बाहेर काढा, मग बॉट लावा, मग तो खरंच कामाचा आहे, विशेषतः हिंदी-ओडियासाठी. आणि जुने कागद काढून टाकणारा एक माणूस नेमा, नाहीतर बंद पडलेल्या मशीनची उत्तरं पण तो तितक्याच आत्मविश्वासाने देईल.

चष्मिष्ट

मामांच्या डोक्यातलं बाहेर काढायचं यावर सगळ्यात गाजलेलं उदाहरण झेरॉक्सचं आहे. ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्या कॉपीअर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनबरोबर फिरला. त्याच्या लक्षात आलं की हे लोक मॅन्युअलवर फारसे अवलंबून नाहीत, ते जेवायला एकत्र बसतात आणि एकमेकांना बिघाडाचे किस्से सांगतात, आणि अवघड बिघाड त्या किश्शांतून सुटतो. मॅनेजमेंटच्या दृष्टीने हा टाइमपास.

मग १९९०च्या दशकात कंपनीने युरेका नावाचा डेटाबेस केला, आधी फ्रान्समध्ये. टेक्निशियनने युक्ती पाठवायची, दुसरे अनुभवी टेक्निशियन ती तपासणार, बरोबर असली तरच सगळ्यांना दिसणार, आणि पाठवणाऱ्याचं नाव त्यावर. युक्तीला बक्षीस म्हणून पैसे द्यावेत असा विचार निघाला होता, तो टेक्निशियन लोकांनीच नको म्हटला, कारण मग लोक आकडा वाढवायला काहीही पाठवतील. नाव पुरे.

इथे मला महत्त्वाचं वाटतं ते तपासणं. आपल्याकडच्या "सजेशन बॉक्स"मध्ये युक्ती तपासतो मॅनेजर, ज्याने तो पंप कधी उघडलेला नसतो.

श्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत वर्ग विरुद्ध काम असा वादच नाही, दोन्ही एकत्र असतं. आउसबिल्डुंग (ॲप्रेंटिसशिपसारखं शिक्षण) करणारी मुलं आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकी कंपनीत, मेकॅट्रॉनिक्सला साडेतीन वर्षं. मुद्दा हा की कंपनीत शिकवायची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला शिकवण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते, कामात हुशार आहे म्हणून शिकवू शकेल असं धरत नाहीत. पण साडेतीन वर्षं एका पोरावर खर्च करायला पोरगं टिकायला पाहिजे. वर्षभरात जाणाऱ्या कंत्राटी मुलांवर हे कसं करणार?

रिटायर्ड_फोरमन

श्टुटगार्टकरांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. सगळे जण कागद, टॅब, बॉट बोलतायत पण मामांनी का सांगावं हे कुणी विचारलं का? मी सांगतो मामांच्या डोक्यात काय असतं, कारण ते माझ्याही डोक्यात होतं. तीस वर्षं ब्रेकडाउन झाला की रात्री दोनला गाडी मलाच न्यायला यायची. तीच आमची इज्जत. साहेब नावाने हाक मारायचे ते त्यामुळे. ते सगळं ए-फोरवर उतरवून द्यायचं, आणि कुणाला? तर जो पोरगा पुढच्या मार्चला दुसऱ्या कंपनीत जाणार त्याला? वर प्रॉडक्शनवाले ओरडणार की फिटर उभा राहून गप्पा काय मारतोय.

शिकवायचा वेळ हा कामाचा वेळ म्हणून धरा. शिफ्टच्या टार्गेटमधून तो वजा करा. आणि कायम असलेल्यांपैकी दोन पोरं मामांच्या मागे पूर्ण वेळ लावा, वीस नको. हे मान्य नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, काही फरक पडत नाही.

काउंटर_४

फोरमनकाका +१००. आमच्याकडे ज्याला सिस्टिम सगळ्यात चांगली येते त्याच्या काउंटरला सगळ्यात मोठी रांग असते. शिकवायला बसला की रांग वाढते, मग मॅनेजर त्यालाच झापतात. पुढच्या वेळी तो शिकवेल का?

स्पॅनर१३

अपडेट देतो. मामांशी बोललो, कँटीनमध्ये, लिहायचं नावच काढलं नाही. चष्मिष्ट यांनी लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून नुसतं विचारलं की मामा तुम्हाला सगळ्यात जास्त रडवलेला ब्रेकडाउन कुठला. बापरे. चहा गार झाला, दुसरा आणला, तोही गार. एका प्रेसचा रॅम (वर-खाली होणारा दाबायचा भाग) रात्री थोडा थोडा खाली उतरायचा, सगळ्यांनी सिलेंडरचं सील बदललं, मामांनी व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या पाइपला हात लावून बघितलं, एकच पाइप बाकीच्यांपेक्षा गरम, म्हणजे तेल आतल्या आत तिथून निसटतंय. मी नॅपकिनवर चित्र काढत बसलो तर मामांनी पेन हिसकावून घेतला, "असं नाय रे, व्हॉल्व्ह इकडं". म्हणजे चित्र मामांनीच काढलं. कागदावर नाव मामांचंच टाकणार, छापील.

दोन पोरं मागितलीत, एक मिळालंय. टार्गेटमधून वेळ वजा करायला प्रॉडक्शन अजून तयार नाही. त्यांचं म्हणणं शनिवारी शिफ्ट संपल्यावर करा. मी म्हटलं शनिवारी शिफ्टनंतर म्हणजे परत तोच समोशाचा वर्ग. पुढच्या रिव्ह्यूला परत काढणार आहे विषय, मामांनी बंद केलेल्या ब्रेकडाउनचे तास काढून ठेवलेत मेंटेनन्सच्या रजिस्टरमधून, तेच समोर टाकतो. प्रॉडक्शनला तासांचीच भाषा कळते.

चॅटबॉटवाल्याला सध्या थांबा म्हणून कळवलंय. टॅबला परवानगी मिळाली, पण कॅमेरा बंद करून.

एचारवाली

स्पॅनर१३, वेळ वजा होत नसेल तर दुसरी वाट, स्किल मॅट्रिक्समध्ये शेवटची पातळी "दुसऱ्याला शिकवू शकतो" अशी असतेच, आणि बहुतेक ठिकाणी ती डोळे मिटून भरतात. ती भरायला पुरावा मागायला लावा, किती जणांना शिकवलं आणि त्यातले किती एकटे काम करतात. एकदा ते ऑडिटच्या कक्षेत आलं की वेळ प्रॉडक्शनलाच काढून द्यावा लागतो, तुमच्याशी भांडून उपयोग नाही त्यांना. आणि मामांना रिटायर झाल्यावर सल्लागार म्हणून काही दिवस बोलावता येईल का तेही आत्ताच विचारा, दिवाळीनंतर विचारलं तर बजेट नाही म्हणतील. माझ्याकडे पत्राचा मसुदा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

स्पॅनर१३

व्यनि मिळाला, खूप आभार. मसुद्यात दिवसाचं मानधन कोरं आहे, तिथे काय टाकू? मामांना विचारलं तर म्हणाले गाडी पाठवा म्हणजे झालं.

रिटायर्ड_फोरमन

गाडी आणि मानधन, दोन्ही लिहा. मामा नको म्हणतील तरी लिहा.